दहावीचा धाक कुणाला?

१३ मे २०२५ रोजी दुपारी एक वाजता राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ऑनलाइन लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. साडेचौदा लाखांहून जास्त मुलं पास. २११ जणांना शंभर टक्के, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. निकाल लागायचा अवकाश, वाशी-कोपरखैरण्याच्या नाक्यांवर आणि रिक्षांच्या पाठीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फ्लेक्स झळकले. चेहऱ्याखाली टक्के आणि टक्क्यांखाली क्लासचं नाव. शाळेचं नाव शोधावं लागत होतं.

याच फ्लेक्सवरून एका घरात वाद रंगला. घर माथाडी कामगाराचं. १९८१ साली कांदा-बटाटा मार्केट मुंबईतून तुर्भ्याला आलं आणि त्याच्यामागोमाग साताऱ्या-सांगलीकडची अनेक कुटुंबं इकडे येऊन स्थिरावली. त्यांतलंच हे एक, पाटण तालुक्यातलं. वडिलांनी पाठीवर गोणी वाहून तिन्ही मुलांना शिकवलं. थोरली मुलगी आज वाशीतल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मधला कोपरखैरण्यात क्लास चालवतो. धाकटा ऐरोलीला कंपनीत आहे, राहतो घणसोलीला. त्याची मुलगी त्या वर्षी नववीत गेली. शाळा उघडल्यावर पहिल्याच रविवारी त्याने दोघांना जेवायला बोलावलं. जेवण हे निमित्त. खरा प्रश्न पोरीचा होता. एका मोठ्या क्लासचं दोन वर्षांचं ‘फाउंडेशन’ पॅकेज घ्यायचं, काकाकडेच पाठवायचं, की नुसत्या शाळेवर भागवायचं?

आमटीची वाटी पुढे सरकवत क्लासवाल्या भावाने तोंड उघडलं. “ताई, तू शाळेत आहेस म्हणून तुला वाटतं शाळा पुरते. तुझ्या वर्गात साठ पोरं. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच हजेरीत जातात. तू निवडणुकीच्या कामाला गेलीस की तो आठवडा गेलाच. प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून किती वेळा उघडतं सांग.”

“निवडणुकीचं काम आम्ही मागून घेत नाही,” ताई म्हणाली. “पण कुलपाचं खरं आहे. ते मी नाकारणार नाही.”

“मग आमच्याकडे येतात त्यात त्यांचं काय चुकतं? आईबाप दोघं कामावर. दुपारी एक ते संध्याकाळी सात पोरगं कुठे बसणार? आपल्या वेळी चाळीत चार आज्या होत्या. आता वॉचमन आहे.”

हा मुद्दा क्लासविरोधी लेखांत सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवायला हवा. नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांत क्लास ही आधी मुलांना सांभाळायची जागा असते, शिकवणी नंतर.

ताईने वाद घातला नाही. तिने भाचीच्या वहीचं मागचं पान मागितलं आणि क्लास लावला तर पोरीचा दिवस कसा जाईल, ते मांडायला घेतलं. साडेपाचला उठणं. सहा वीसला घरातून निघून घणसोलीहून वाशीची लोकल. सातला शाळा, एकच्या आत सुटते, घरी यायला दीड. चार ते साडेसात क्लास. आंघोळ, जेवण, मग नऊ ते अकरा शाळेचा नि क्लासचा गृहपाठ. रविवारी सकाळी टेस्ट. झोप उरली साडेसहा तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं आहे.

“आणि गंमत बघ,” ती म्हणाली, “मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून सरकारने २०२४ मध्ये फर्मान काढलं, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. चांगलं केलं. मग चौदा वर्षांच्या पोरीला झोप नको?”

“पहाटे उठून अभ्यास करणारे आपण तिघं जगलोच की.”

“आपण साडेनऊला घोरत होतो. रॉकेल संपायचं म्हणून!”

धाकट्याची बायको, म्हणजे वहिनी, हसली, पण तिच्या मनातलं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. “ताई, ते सगळं ठीक. पण दहावी म्हणजे दहावीच ना? तिथं घसरलं की संपलं.”

ही ‘संपलं’वाली समजूत घराघरांत आहे आणि ती आजच्या नियमांना धरून नाही. ताईने सांगितलं ते कुठल्याही पालकाला मंडळाच्या कागदपत्रांत सापडेल. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरून टक्केवारी निघते. हे ‘बेस्ट ऑफ फाईव्ह’ प्रकरण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि टिकलं. पासिंग ३५ ला. एकदोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीत बसता येतं आणि पुरवणी परीक्षेत ते विषय सोडवता येतात. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं. पेपर नीट तपासला नाही असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकन करून घेता येतं. त्यासाठी फार लांब जायला नको, मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. सीबीएसईने तर २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा ठेवली. पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरी ज्याला तीन विषयांपर्यंत गुण सुधारायचे आहेत त्याच्यासाठी.

“आता मला सांगा,” ताई वहिनीकडे वळली, “यात संपतं कुठे?”

“आणि निकालाचा आकडा म्हणजे पोरांची अक्कल, असंही नाही,” तिने पुढे जोडलं. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ९५.३०. एका वर्षात लाखो मुलं ढ झाली आणि बारा महिन्यांत पुन्हा हुशार झाली? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत आणले. शिवाय २०२० मध्ये भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही. २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. “मोजपट्टी बदलली की उंची बदलते. नववीच्या पोरांना हे कुणी सांगत नाही.”

भाऊ या वाक्याची वाटच बघत असावा. “बरोबर! म्हणूनच मी म्हणतो. शंभरात पंचाण्णव पास होत असतील तर पास होण्याला काय किंमत? किंमत आहे ती वरच्या टक्क्यांना.”

“कशासाठी? अकरावीसाठी?” २०२५ मध्ये पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. त्या वर्षी राज्यात जागा २१ लाखांच्या घरात आणि पास झालेली मुलं साडेचौदा लाख. “म्हणजे जागेला तोटा नाही. तोटा आहे तो नाव असलेल्या कॉलेजांत.”

“तेच तर! रुईया हवं, वझे-केळकर हवं...”

“हवं कुणाला? नाव घालायचं त्या कॉलेजात आणि बसायचं इंटिग्रेटेड क्लासमध्ये. पोरं कॉलेजात फिरकत नाहीत म्हणून २०१८ मध्ये सरकारला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी लावावी लागली. ज्या कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही त्याच्या कट-ऑफसाठी चौदाव्या वर्षापासून पोरीची झोप घालवायची?”

भावाला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी आणि जेईईवर होतात, मेडिकलचे नीटवर, आणि दहावीचे गुण त्या यादीत थेट मोजले जात नाहीत, हे त्याला ताईपेक्षा जास्त ठाऊक होतं. तो धंदाच त्याचा. दहावीचे टक्के खरोखर मोजले जातात ते दहावीनंतरच्या डिप्लोमाला. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तरीही क्लासच्या पत्रकांवर जेईई, नीट ठळक असतं आणि डिप्लोमा शोधून सापडत नाही.

पण मग त्याने जे सांगितलं त्याने टेबलावरचा सूर बदलला. “एक गोष्ट तू शाळेत बघत नाहीस, कारण तोवर पोरं तुझ्या हातून गेलेली असतात. दहावीला ब्याण्णव टक्के घेतलेला पोरगा अकरावीच्या पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा आणतो. व्हेक्टर कळत नाही, लॉगरिदम कळत नाही. घरी सांगत नाही. दिवाळीपर्यंत तो मनाने बाद झालेला असतो. फाउंडेशन त्याच्यासाठी आहे. मी थापा मारत नाहीये, ताई.”

ताई म्हणाली, “माहीत आहे.”

इथे भावाचं पारडं जड आहे. दहावी आणि अकरावी यांच्यातली दरी खरी आहे. सोप्या झालेल्या परीक्षेने ती झाकली जाते. प्रश्न एवढाच, की ती दरी अकरावीचे धडे नववीत आणून भरते का?

उत्तर भाचीच्याच वहीत निघालं. काकाच्या क्लासची बॅच एप्रिलपासून सुरू होती आणि महिनाभर ती चाचपणी म्हणून तिथे जाऊन आली होती. वहीत दहावीच्या पुस्तकातलं पायथागोरसचं प्रमेय होतं, सिद्धतेसकट, सुवाच्य, दोन रंगांच्या पेनांनी. ताईने एका ओळीवर बोट ठेवलं. “काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकलाय. का?”

“सरांनी सांगितलं.” पोरीने काकाकडे बघायचं टाळलं.

“बरं, वही मिट. कोरा कागद घे. काटकोन त्रिकोण काढ. लंब टाक. आता किती त्रिकोण दिसतात?”

“दोन... तीन. मोठा धरून तीन.”

“त्यांचे कोन बघ.”

पोरगी बघत बसली. तिच्या बाबांनी मध्येच सांगायला तोंड उघडलं तर ताईने डोळे वटारले. पोरीने कोनांना खुणा केल्या, एक खोडली, परत केली. मग तिच्या लक्षात आलं, की लहान दोघांतही काटकोन आहे आणि मोठ्याचा एकेक कोन दोघांकडे गेला आहे, म्हणजे तिघांचे कोन सारखेच. तिघं समरूप. पुढचं तिने जवळजवळ स्वतःच ओढत नेलं. बाजूंची गुणोत्तरं मांडली, एका बाजूचा वर्ग म्हणजे कर्ण गुणिले कर्णाचा एक तुकडा, दुसरीचा वर्ग म्हणजे कर्ण गुणिले दुसरा तुकडा, दोन्हींची बेरीज केली की तुकडे जुळून पुन्हा अख्खा कर्ण. “अय्या, म्हणून लंब टाकायचा!” वहीत हे सगळं होतंच, फक्त प्रत्येक पायरीपुढच्या कंसातलं कारण कुठेच नव्हतं.

“हे तुझं फाउंडेशन,” ताई भावाला म्हणाली.

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पंधरा मिनिटं लागली. साठ पोरांच्या वर्गात देतेस का तू प्रत्येकाला पंधरा मिनिटं?”

“नाही देत. देता येत नाहीत.”

शाळा आणि क्लास दोघांचीही अडचण इथे उघडी पडते. ताईकडे वेळ नाही. भावाकडे वेळ विकत मिळतो, पण त्यालाही पोर्शन संपवायचा असतो, कारण शेजारचा क्लास ऑगस्टमध्ये संपवतो आणि पालक तेच विचारतात: ‘सर, पोर्शन कुठवर आला?’ लंब का टाकला, हे कुठला पालक विचारतो?

यानंतर ताईने जरा जिव्हारी लागणारा विषय काढला. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सोमवारी टेस्टचे गुण क्रमांकासह पडतात. “केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्यास का? टेस्टचे निकाल जाहीर करू नका. गुणांवरून बॅच वेगळ्या करू नका. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना घेऊच नका. शाळेच्या वेळात क्लास नको. फी एकरकमी भरून मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत.”

“त्या पन्नासपेक्षा जास्त पोरं असणाऱ्यांना. आणि त्या सूचना आहेत, कायदा नाही.”

“तुझ्याकडे किती आहेत?”

“...पन्नासच्या आत. रजिस्टरवर.”

धाकटा भाऊ खो खो हसला. क्लासवाला पण हसला, पण नंबर पालकांनाच हवे असतात हे सांगायला विसरला नाही. एकदा त्याने ते बंद केले होते, तर आठवड्यात फोन आले, ‘आमचा कितवा आहे?’ हे खोटं नसावं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये निकालाच्या हंगामात काय विचारलं जातं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

“माझ्या वर्गातला एक पोरगा,” ताई म्हणाली, “गेल्या वर्षी प्रीलिमचा गणिताचा पेपर सही न घेता दोन आठवडे दप्तरात घेऊन फिरत होता. गुण एवढे वाईट नव्हते. बाबांनी ग्रुपवर नंबर बघितला तर काय, ही भीती.” तिने त्याच्या घरच्यांना बोलावलं आणि पोरासमोर नाही, आधी आईवडिलांशी बोलली. त्यांच्या फ्रिजवर आता १४४१६ हा टेलिमानसचा आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चिकटवलेला आहे. पहिल्यावर मनावरच्या ताणाबद्दल बोलता येतं, दुसरा मुलांनी मदत मागण्यासाठी. दोन्ही मोफत.

मग गाडी वहिनीवर आली. “शाळेच्या पालकसभेला गेलीस का कधी?”

“वर्किंग डेला ठेवतात हो.”

तक्रार रास्त आहे. पण फीवर कुरकुरणाऱ्या पालकांतल्या कितीजणांना हे माहीत असतं, की राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याखाली खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लागते, तिच्यावर पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो? चिठ्ठीत नाव निघालं की ‘मला जमणार नाही’ म्हणणारेही तेच. तशीच सखी सावित्री समिती. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी ती प्रत्येक शाळेत असावी, असा शासन निर्णय मार्च २०२२ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीसह त्यावर पुन्हा आदेश निघाले. शाळेत ही समिती कुणाकुणाची आहे, तक्रारपेटी कोण उघडतं, कधी उघडतं, हे विचारायला फी लागत नाही. टॉयलेटला कडी आहे का, हेही विचारावं. ताईच्या मते पालकसभेतला सगळ्यात उपयोगी प्रश्न तोच, आणि तो सहसा कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना गुण विचारायचे असतात.

एवढा वेळ तिघं-चौघं मोठे बोलत होते आणि जिच्याबद्दल बोलत होते ती कैरीची फोड चोखत बसली होती. शेवटी बाबांनीच विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

“मला क्लास नको असं नाही. काकाकडे गणित आवडतं. पण रोज नको. ड्रॉइंगचा तास बुडतो.” तिने गेल्या वर्षी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, यंदा इंटरमिजिएटला बसायचं होतं. घरात ही गोष्ट आईला अर्धवट माहीत होती आणि बाबांना अजिबात नव्हती.

“ड्रॉइंग नंतर, सुट्टीत—” बाबा म्हणायला लागले.

“थांब, थांब,” क्लासवाल्या काकाचे डोळे चमकले. “इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीत सात गुण वाढीव! बीला पाच, सीला तीन. ते शंभर टक्केवाले कसे होतात वाटतं तुला? खेळाचे, कलेचे वाढीव गुण धरूनच गाडी तिथवर जाते. सोडू नकोस ड्रॉइंग!”

ताईने कपाळावर हात मारला. चित्रकला वाचली, पण कुठल्या कारणाने!

ठरलं ते असं. दोन वर्षांचं पॅकेज नाही, एकरकमी भरण्यावरची सवलत कितीही असली तरी नाही. काकाकडे फक्त गणित, आठवड्यातून तीन दिवस, महिन्याची फी महिन्याला. पोरीचा नंबर ग्रुपवर पडणार नाही. काकाने तेवढं कबूल केलं, बाकीच्यांचं बघू म्हणाला. दिवाळीत पुन्हा बसायचं. पुढच्या वर्षी डिसेंबरपासून पेपर सोडवून घ्यायचं काम काकाचं, वेळ लावून, प्रत्येक भागाला दोन तास, कारण पेपर वेळेत पुरा करण्याचा सराव शाळेत पुरेसा होत नाही हे ताईनेही मान्य केलं. साडेदहाला दिवा बंद. मोबाइल रात्री हॉलमध्ये, आणि ही अट बाबांनाही लागू, असं पोरीने घालून घेतलं.

दहावीनंतर अकरावी सायन्स की डिप्लोमा, यावर मात्र एकमत झालं नाही. काकाला अकरावी हवी, आत्या म्हणते वाशीच्या आणि ठाण्याच्या पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये पोरीला एकदा फिरवून आणा आणि मग बोला. एखादं आयटीआयही दाखवा, असं ती म्हणाली तेव्हा वहिनीचा चेहरा उतरला, आणि त्यावरून आणखी अर्धा तास वाजलं. आजोबांनी गोणी उचलल्या त्या नातीला आयटीआयला पाठवायला का, असा तिचा सवाल होता. वेल्डरला आणि फिटरला आज काय पगार मिळतो ते तळोज्यात जाऊन विचार, असा ताईचा.

पालकसभा येत्या शनिवारी दहाला आहे, हे वहिनीने कालनिर्णयवर लिहिलं. शनिवारी दहालाच क्लासच्या नव्या बॅचची पालकांशी बैठक असल्याचं भावाला तेव्हा आठवलं. तारीख कुणी पुढे ढकलायची, यावर बहीणभाऊ दारात चपला घालेपर्यंत भांडत होते.